प्रॉम्प्टरवर शंका घ्यायची नसते

लिहिणं अडलं की अख्खं गाव वैद्य होतं.

“पहाटे उठून लिही,” असं एकानं सांगितलं. उठले. सुचलं काहीच नाही, दिवस मात्र लांबला. “जे येईल ते लिही, चांगलं-वाईट बघू नको,” दुसरा म्हणाला. मी ‘काही सुचत नाही’ एवढंच पानभर लिहिलं आणि शेवटी तेही खोडलं. जागा बदलून बघ म्हणाले म्हणून वैनगंगेच्या काठावर खुर्ची टाकून बसले, तर मासे धरणारे येऊन विचारायला लागले, “काहो बाई, धरणाचा सर्व्हे हाय का?” शेवट आधी लिहा, फोन बंद ठेवा, कोणाला तरी तोंडी सांगा, चालायला जा. सगळं केलं. चालून चालून चपलेचा अंगठा तुटला, नाटक काही हललं नाही.

मी मंजूषा लांजेवार. झाडीपट्टीच्या रंगभूमीसाठी नाटकं लिहिते. झाडीपट्टी म्हणजे वैनगंगेच्या दोन्ही अंगांचा आमचा धानाचा मुलूख. धान घरात आलं की दिवाळीपासून होळीपर्यंत इथं गावोगाव नाटक होतं. नाटकाला पाहुणे येतात, नाटकावर सोयरिकी जुळतात. कंपन्यांची ऑफिसं सगळी वडशाला. पोळ्याच्या सुमाराला गावांची मंडळं येतात, नवं नाटक कोणतं ते विचारतात आणि तारीख ठरवून जातात. आमची कंपनी जाईजुई रंगभूमी. बाबांनी आम्हा दोघी बहिणींसाठी काढलेली. मी लिहायचं आणि धाकट्या कुंदानं नायिका व्हायचं, हे बाबा असल्यापासून ठरलेलं.

मधे मशीननं लिहिलेली नाटकं येऊन गेली. स्वस्त आणि झटपट. पण एका हंगामात तीन वेगवेगळ्या कंपन्यांतल्या तीन सासवा एकच डायलॉग बोलून मेल्या, आणि लोकांनी स्टेजवर चपला फेकल्या. तेव्हापासून मंडळाचा पहिला प्रश्न असतो, “माणसानं लिवलं ना जी?” नुसतं हो म्हणून भागत नाही. लेखकाला देवळासमोर नारळावर हात ठेवून सांगावं लागतं, की यातला शब्दन् शब्द माझा आहे.

आणि माझ्याकडे शब्दच नव्हता. दोन हंगाम आम्ही जुनीच नाटकं नवा पडदा लावून काढली. यंदा मंडळांनी तोंडावर सांगितलं, “बाई, नवं नसन तर आम्ही ठवऱ्याकडे जातो.” परसराम ठवरे म्हणजे सिंहगर्जना रंगभूमीचा मालक. त्याचा डोळा आमच्या तारखांवर कमी आणि कुंदावर जास्त. नाटक नसेल तर कंपनी राहणार नाही आणि कंपनी नसेल तर कुंदा तिकडे जाणार, हे मला लख्ख दिसत होतं. आई गेली तेव्हा ती एवढीशी होती. तिची वेणी मी घातली, तिला पहिल्यांदा स्टेजवर ढकललं तेही मीच. कंपनी बुडाली असती तर मी चार दिवस रडून मोकळी झाले असते. कुंदा गेली असती तर मला जमलं नसतं.

तर ज्या यंत्रानं पुढचं सगळं घडवलं, त्याची बातमी कुंदानंच आणली. हे लक्षात ठेवा, कारण पुढं मी त्यावर फार विचार केला.

“ताई, नागपूरला एक डॉक्टर आहे. अडलेल्या लेखकांवर प्रयोग करून राहिली. मी तुझं नाव देऊन ठेवलं.”

“मला न विचारता?”

“विचारलं असतं तर तू नाही म्हटलं असतंस. तुझं तोंड मला माहीत नाही का!”

शेवटी नागपूरला गेले. डॉक्टरचं नाव सबा शेख. वयानं कुंदाएवढी, गोड बोलणारी. गोड बोलणाऱ्या माणसाचा मला आधीच संशय येतो. तिनं टेबलावर दोन पातळ चकत्या ठेवल्या आणि चिंचोक्याएवढं एक बटण. चकत्या जबड्याखाली चिकटवायच्या आणि बटण कानामागं, हाडावर.

“मंजूषाताई, तुम्हाला स्वतःला गुदगुल्या करता येतात का?”

“काहीतरीच काय मॅडम!”

“करून बघा. होत नाहीत. मेंदू हाताला हुकूम देतो तेव्हा त्याची एक नक्कल दुसरीकडेही पाठवतो, की हा आपलाच हात आहे, दचकू नको. बोलण्याचंही तसंच असतं. मनातलं वाक्य उमटायच्या आधीच मेंदूला कळतं की हे आपलं आहे. आणि आपलं म्हटलं की आपण लगेच त्याला नावं ठेवतो. हे जमलं नाही, हे जुनं आहे, लोक काय म्हणतील. अडलेल्या लेखकाकडे वाक्यं नसतात असं नाही. ती घशापर्यंत येतात आणि तिथंच मरतात.”

मग तिनं चकत्यांचं सांगितलं. आपण मनात बोलतो तेव्हा जीभ आणि घसा अगदी गप्प नसतात. त्यांचे स्नायू किंचित आखडतात, आपल्यालाही कळणार नाही इतके. चकत्या ती हालचाल टिपतात, यंत्र तिचे शब्द करतं आणि बटणातून तेच शब्द दुसऱ्या माणसाच्या आवाजात परत कानात येतात. मेंदू फसतो. त्याला वाटतं, कोणीतरी आपल्याला सांगतंय. आणि दुसऱ्यानं सांगितलेलं उतरवून घ्यायला कोणाला अडत नाही.

“मधे मशीन स्वतःचं काही घालत नाही ना?” मी विचारलं. नारळ माझ्या डोळ्यांपुढं होता.

“एक शब्दही नाही. जे आहे ते तुमचंच.”

“शपथ?”

ती हसली. “शपथ. फक्त आवाज निवडा. ओळखीच्या माणसाचा चालेल, पण असा निवडा की ज्याच्याशी तुम्ही वाद घालता. बहिणीचा घ्या, सासूचा घ्या.”

सासू मला नाही, लग्नच केलं नाही. बहिणीचा आवाज कानात घातला असता तर तिनं मला लिहूच दिलं नसतं, नुसत्या नकला केल्या असत्या. मी म्हटलं, “माझ्याकडे एक आवाज आहे. डोमाजीकाकांचा. आमचे प्रॉम्प्टर होते, दोन वर्षांमागं वारले.”

“चालेल की,” डॉक्टर म्हणाली. तिला काय ठाऊक, आमच्याकडे प्रॉम्प्टर म्हणजे काय असतो!

झाडीपट्टीत तालमी कमी आणि प्रयोग फार. एकेक नट हंगामात चार-चार नाटकांत काम करतो. पाठ कोण करणार? म्हणून विंगेत प्रॉम्प्टर बसतो आणि अख्खं नाटक वाचतो. नट त्याच्यामागून बोलतात. पुढच्या रांगांनाही त्याचा आवाज येतो आणि त्याचं कोणाला काही वाटत नाही. इथला पहिला नियम म्हणजे प्रॉम्प्टरवर शंका घ्यायची नसते. तो बोलला की आपण बोलायचं. विचार करायला थांबलात की सीन पडला. एकदा डोमाजीकाकांच्या हातून दोन पानं एकदम उलटली गेली. स्टेजवर आई मुलाला भात वाढत होती आणि तो एकदम हंबरडा फोडून ओरडला, “आई, मला सोडून कुठं गेलीस गं!” आईचं काम करणारी बाई पक्की. तिनं भाताचं भांडं खाली ठेवलं आणि तिथंच मरून पडली. लोक ढसाढसा रडले. पुढं हंगामभर ती तिथंच मरायची.

आमच्या नाटकांच्या जुन्या व्हिडिओंत नटांच्या आवाजाखाली काकांचा आवाज सगळीकडे होता. डॉक्टरनं तो वेगळा काढून बटणात बसवला.

घरी येऊन मी टेबलाशी बसले आणि चकत्या लावल्या. बराच वेळ काहीच नाही. मी मनात म्हटलं, फसवलं बाईनं. आणि कानात काका म्हणाले, “फसवलं बाईनं.” तोच घोगरा, घाईचा आवाज, ओळीच्या शेवटाला जरा वर जाणारा. माझ्या अंगावर काटा आला. मग ते म्हणाले, “यमुना अंगणात उभी. ‘मालती, तुला मी दूध पाजलं नाही, पण रक्त पाजलंय.’” माझा हात चालायला लागला होता. मला कळलंसुद्धा नाही.

काय सांगू, दोन वर्षं तुंबलेलं सगळं धो धो वाहायला लागलं. नाटकाचं नाव आलं, ‘सख्खीच निघाली वैरीण’. थोरली यमुना धाकट्या मालतीला आईसारखी वाढवते आणि मालती एका ठेकेदाराच्या नादानं तिचं घर, शेत सगळं त्याच्या घशात घालते. पहिला अंक झाला, दुसरा झाला. मी जेवायला उठेना, कुंदा ताट टेबलावर आणून द्यायची. मी इतकी खूश होते की तिचा गालगुच्चा घेतला, तिच्या या वयात!

कुंदानं दोन अंक वाचले. डोळे पुसले, मग नाक उडवून म्हणाली, “म्हणजे यंदा मी व्हिलन?”

“टाळ्या तुलाच आहेत, घाबरू नको.”

“टाळ्यांचं नाही गं. ही मालती इतकी वाईट का आहे? कारण कुठं आहे?”

“सगळ्याला कारण लागतं का?”

तिनं पानं सारखी करून टेबलावर ठेवली. पण तिच्या कपाळाला एक आठी पडली होती, ती मी पाहिली.

तिसरा अंक लिहिताना काका एकदा चुकले. “कुंदा दार लावून घेते,” ते म्हणाले. मी ‘कुंदा’ लिहिलं, मग खोडून ‘मालती’ केलं. पानभरानं पुन्हा, “कुंदा फोनवर हळू बोलते.” या वेळी मी खोडलं नाही. खिडकीतून अंगणात पाहिलं. कुंदा तुळशीपाशी उभी होती आणि फोनवर हळूच बोलत होती.

ती आत आली आणि तिनं चहा ओतला. मी बटण काढायचं विसरले होते.

“विचार, ठवऱ्याचा होता का,” काका म्हणाले.

“ठवऱ्याचा होता का?” मी म्हटलं. माझं तोंड आधी बोललं, मला ते मागाहून ऐकू आलं.

कुंदाच्या हातातला कप तिथंच थांबला. “कोणाचा? कापडवाल्याचा होता. साड्यांचं विचारत होता.”

“खोटं बोलते,” काका म्हणाले.

“खोटं बोलतेस,” मी म्हटलं.

कुंदा हसली. “अगं बाई, डायलॉग मारून राहिलीस का माझ्यावर?” मीही हसले. पण तिनं फोन पालथा ठेवला. एरवी ती कधी फोन पालथा ठेवत नाही.

त्या दिवसापासून मी बटण काढेनाशी झाले. अंघोळीपुरतं काढायचे तेवढंच. काका आता लिहिण्याच्या वेळेपुरते राहिले नव्हते. कुंदा केस विंचरायला बसली की, “आज एवढं नटणं कशाला?” ती भाजी आणायला गेली की, “एवढा वेळ लागतो का?” एकदा ती म्हणाली, “ताई, ब्रह्मपुरीला जाऊन येते, ब्लाउज शिवायचे आहेत.” ठवऱ्याचं घर ब्रह्मपुरीला. “वडशातले शिंपी मेले का?” काकांनी म्हटलं आणि मी ते तसंच्या तसं, काकांच्या त्याच चढत्या सुरात कुंदाला ऐकवलं. ती पायरीवर उभी राहून माझ्याकडे बघत राहिली.

“तुझा आवाज कसा येऊन राहिला गं, ताई?”

“कसा म्हणजे?”

“काही नाही,” ती म्हणाली आणि निघून गेली.

मला वाटायला लागलं, की हे यंत्र ठवऱ्याचंच असेल. त्याची बातमी कुंदानंच आणली होती ना! माझं नाटक यातून त्याच्याकडे जात असेल. किंवा उलट, कोणीतरी मला सावध करत असेल. मला ठाऊक नसलेल्या गोष्टी काकांना कशा कळतात? मी डॉक्टरला फोन लावला आणि सरळ विचारलं, “मॅडम, तुमच्या यंत्रात कोणी शिरलंय का?”

तिनं तिकडून सगळं तपासलं. थोड्या वेळानं तिचाच फोन आला. “कोणी नाही. आत येणारं सगळं तुमच्याच घशातून आलंय.”

“पण मला हे माहीतच नव्हतं!”

“कदाचित माहीत होतं, फक्त तुम्ही ते स्वतःला सांगितलं नव्हतं. डोळ्यांनी टिपलेलं बरंच आपण मनाला कळू देत नाही. नाहीतर ती नुसती भीती असेल. यंत्राला माहिती आणि भीती यांतला फरक कळत नाही. तुमच्या घशात दोन्हीची वाक्यं सारखीच होतात.”

“मग खरं काय ते मला कसं कळणार?”

“साधारणपणे माणूस आवाजाशी भांडतो. म्हणतो, छे, असं नाही. तुम्ही भांडत नाही का?” मग तिनं विचारलं, “ते प्रॉम्प्टर म्हणजे नक्की काय करतात?”

मी सांगितलं. त्या भाताच्या भांड्याची गोष्टही सांगितली. ती हसली नाही.

“म्हणजे ज्याचं ऐकून तुम्ही विचार न करता बोलता, असा माणूस निवडलात तुम्ही. मंजूषाताई, ते बटण आजच काढा.”

मी हो हो म्हटलं. काढलं नाही. पोळा तोंडावर आला होता आणि शेवटचा प्रवेश राहिला होता, हे एक कारण. दुसरं खरं कारण असं की काका पुढं काय सांगतात ते मला ऐकायचं होतं. संशयाचं खरजेसारखं असतं, खाजवल्याशिवाय राहवत नाही.

शेवटच्या प्रवेशात यमुनेला सगळं कळतं आणि ती मालतीला जाब विचारते. तो मी एका बैठकीत लिहिला. लिहिताना रडले. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसच्या मागच्या हॉलमध्ये तालीम लावली. यमुनेचं काम करणारी बाई गोंदियाहून यायची होती, तिची गाडी चुकली. कोणी आलं नाही की बदली म्हणून लहानपणापासून मीच उभी राहत आलेय, तशी तिच्या जागी उभी राहिले. समोर कुंदा. बाजूला खुर्चीवर संहिता घेऊन नीलकंठभाऊ बसले. हे डोमाजीकाकांचे जावई, सासऱ्यांच्या मागं तेच प्रॉम्प्ट करतात. सरळ माणूस, लिहिलेलं वाचायचं, बाकी डोक्याला ताप नाही. भोवती सगळी मंडळी चहा घेत बसलेली.

नीलकंठभाऊंनी पहिली ओळ दिली, “मालती, इकडे बघ.”

“मालती, इकडे बघ,” मी म्हटलं. कुंदानं बघितलं.

आणि नीलकंठभाऊंची पुढची ओळ यायच्या आत काका कानात बोलले. मी ते बोलले. “तू ठवऱ्याला भेटलीस. ब्लाउज शिवायला नाही, करार करायला गेली होतीस ब्रह्मपुरीला. माझं नाटक आणि तू, दोन्ही एकदम विकायला.”

हॉलमध्ये कप ठेवल्याचेही आवाज थांबले. नीलकंठभाऊ पान मागंपुढं करून ओळ शोधायला लागले.

कुंदाचा चेहरा पांढरा पडला. मग हळूहळू लाल झाला. “गेली होती,” ती म्हणाली. “ठवऱ्याकडेच गेली होती. तो फोनवर ऐकत नव्हता, म्हणून तोंडावर नाही म्हणायला गेली होती. तिसऱ्यांदा नाही म्हटलं त्याला. बस?”

“मग मला का नाही सांगितलंस?”

“तू दोन वर्षांनी लिहायला लागली होतीस ना! सांगितलं असतं तर हातातला पेन टाकून बसली असतीस. मला तुझं तोंड माहीत नाही का?”

“मनात आलं होतं तिच्या,” काका म्हणाले.

“मनात आलं होतं तुझ्या,” मी म्हटलं.

“आलं होतं,” कुंदा म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज स्टेजवर असतो तसा खणखणीत होता. “एकदा आलं होतं. दोन वर्षं तुझ्या तोंडाकडे बघत बसले, तेव्हा आलं होतं. आलं आणि गेलं. मनात आलेलं सगळं बोलून दाखवायचं असतं का ताई? तुझ्या मनात नाही कधी आलं, की ही पोरगी नसती तर मी लग्न केलं असतं, सुखात राहिले असते?”

या वेळी काकांनी ओळ दिली नाही.

ती पुढं आली आणि माझ्या अगदी समोर उभी राहिली. “ते कानातलं काढ. आणि मग हेच मला तुझ्या आवाजात म्हण. की तू मला विकायला गेली होतीस म्हण. ऐकून घेते मी. तू म्हणशील ते मान्य.”

मी बटण काढलं. चकत्या काढल्या, जबड्याखाली कातडी ओढल्यासारखी दुखली. हॉल एकदम शांत वाटला, माझ्या डोक्याच्या आतसुद्धा. मी तोंड उघडलं. म्हणायचं होतं, ‘तू मला विकलंस.’ येईना. घशापर्यंत आलं आणि तिथंच राहिलं. कारण ते खरं नव्हतं. मला ते खरं वाटतच नव्हतं, कधीच वाटलं नव्हतं. देवा, मला इतकं बरं वाटलं! दोन वर्षं ज्या अडण्याला मी शिव्या घातल्या, ते त्या घडीला देवासारखं माझ्या घशात उभं होतं. अजून एक घडी मिळाली असती तर मी नुसती पुढं होऊन तिला पोटाशी धरलं असतं. मला ते कळत होतं आणि कुंदालाही कळायला लागलं होतं.

नीलकंठभाऊंना वाटलं, मी ओळ विसरले.

बिचाऱ्याला पान सापडलं होतं. समोर यमुना उभी, समोर मालती उभी, दोघींच्या डोळ्यांत पाणी, आणि यमुना अडलीय. प्रॉम्प्टर जे करतो तेच त्यांनी केलं. खणखणीत आवाजात पुढची ओळ दिली.

“‘निघ माझ्या घरातून. तू मेलीस मला.’”

आणि मी म्हटलं, “निघ माझ्या घरातून! तू मेलीस मला!”

पूर्ण ताकदीनं म्हटलं. शेवटच्या रांगेला जाईल असं. कानात काही नव्हतं, जबड्याखाली काही नव्हतं. पस्तीस वर्षांची सवय. प्रॉम्प्टर बोलला, मी बोलले.

कुंदा दोन पावलं मागं सरली.

“नाही नाही नाही,” मी ओरडले, “कुंदे, ती ओळ होती! नीलकंठभाऊंनी दिली, मी नाही म्हटलं, ती नाटकातली ओळ होती!”

“हो जी,” नीलकंठभाऊ उभे राहिले, घाबरून संहिता पुढं करत. “मले वाटलं सीनच सुरू हाय. इथं लिवलंच हाय बघा, हे असं.”

कुंदानं त्या पानाकडे बघितलंही नाही. माझ्याकडे बघत म्हणाली, “कळलं मला, ओळ होती. ओळ लिहिली कोणी?”

तिनं खुर्चीवरची ओढणी उचलली आणि ती गेली. मला तिच्यामागं धावायचं होतं, पण काय म्हणून थांबवू? डॉक्टर म्हणाली होती ना, मशीन एक शब्द घालत नाही. जे आहे ते तुमचंच.

पोळ्याला मंडळं आली. मालतीसाठी नागपूरची एक मुलगी घेतली होती. मी देवळासमोर नारळावर हात ठेवला आणि म्हटलं, यातला शब्दन् शब्द माझा आहे. शपथ खरी होती. तारखा इतक्या आल्या की काही गावांना नाही म्हणावं लागलं. ‘निघ माझ्या घरातून’ला बाया पदराआड हुंदके देतात, पुरुष शिट्ट्या मारायचं विसरतात. लोक मला येऊन सांगतात, “बाई, काय लिवता जी तुम्ही, काळीज फाडता.” मी हात जोडते. बटण डॉक्टरला परत पाठवून दिलं. काय झालं ते तिला सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, आता आम्ही ओळखीचा आवाज कोणालाच देत नाही. तिचंही नवल वाटतं मला, म्हणजे माझी बहीण गेली तेव्हा त्यांना हे कळलं.

कुंदा आता सिंहगर्जनेत आहे. ठवऱ्याला चौथ्यांदा तिनं नाही म्हटलं नाही. मी तिला फोन लावते आणि काही बोलता येत नाही म्हणून ठेवते. ती ‘हॅलो’ म्हणते, जरा थांबते, मग तीही ठेवते. कोण आहे ते तिला ठाऊक असतं.

शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतींच्या दिवसांत एका सकाळी प्रयोगावरून परतताना आमची गाडी आरमोरीच्या फाट्यावर चहाला थांबली. तिथं सिंहगर्जनेची गाडी आधीच उभी होती. नट मंडळी अर्धवट पुसलेल्या रंगानं पोहे खात होती. कुंदा एका बाकावर एकटी बसली होती. गालाला रूज तसाच, केसांत मोगऱ्याचा सुकलेला गजरा, पुढं तर्रीचे पोहे, न खाल्लेले. ती बारीक झाली होती. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. तिनं वर बघितलं.

दोन्ही गाड्यांतली माणसं आमच्याकडे बघायला लागली. नीलकंठभाऊ माझ्यामागंच होते, पण त्यांनी तोंडावर हात ठेवला होता, घट्ट. मी तोंड उघडलं. माफ कर म्हणायचं होतं. परत ये म्हणायचं होतं. घशात नुसती गर्दी झाली आणि एकही शब्द पुढं येईना. मी तशीच उभी राहिले. कुंदा बघत होती, थांबली होती, फोनवर थांबते तशी.

“पोहे निवले,” मी म्हटलं. शेवटी एवढंच आलं. “दुसरे सांगू?”

कुंदानं ताटली बाजूला सारली. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. डोळे बारीक करून माझ्या जबड्याखाली बघितलं.

“आधी कान दाखव,” ती म्हणाली.

मी तिच्या शेजारी बसले आणि केस मागं धरले. तिनं माझ्या कानामागं बोट घातलं, हाडावरून नीट फिरवलं, पोरीच्या डोक्यातली ऊ शोधावी तसं. मला वाटलं आता बोलेल.

“दुसरा,” कुंदा म्हणाली.

मी मान वळवली.